जुन्या फॉर्मल शर्टांची गोधडी शिवायला घेतलीय, मागून झोळ येतोय, मदत करा

साताऱ्याचा_पाहुणा:

नमस्कार मंडळी, या विभागात पहिल्यांदाच लिहितोय, एरवी मी भटकंती आणि म्युच्युअल फंडाच्या धाग्यांवर पडीक असतो. वय ४७, पुण्यात नोकरी, शिवणकामाचा अनुभव म्हणाल तर शर्टाचं बटण लावणे, ते पण बायको माहेरी गेली असेल तरच.

झालं असं की घरून काम सुरू झाल्यापासून ऑफिसचे शर्ट कपाटात नुसते पडून होते, दिवाळीच्या आवराआवरीत बायकोने बोहारणीला द्यायला ढीग काढला आणि मी सहज चाळायला गेलो तर वर्षानुवर्षं धुऊन कापड असं मऊ झालेलं की द्यायचं जिवावर आलं. आई सोफ्यावरून म्हणाली, "एवढा जीव अडकलाय तर वाकळ शिव की." ती गमतीत म्हणाली, मी मनावर घेतलं. तिने घरातल्या सगळ्यांच्या वाकळा शिवल्यात पण आता तिला सुईत दोरा ओवणं होत नाही, त्यामुळे ती खुर्चीत बसून सूचना देते आणि देताना असं धरून चालते की धावदोरा मला जन्मतःच येतो.

शर्ट उसवले, चौकोन कापले, हाताने जोडून दोन बाय दोन फुटाचा एक नमुना केला. मध्ये आईच्या सुती साडीचे दोन थर, खाली जुनी बेडशीट. वरून एक नंबर दिसतंय, खोटं कशाला बोलू, रात्री उठून लाईट लावून बघून आलोय. पण उलटं केलं की बेडशीट जागोजागी गोळा झालीय, झोळच झोळ, एका ठिकाणी तर चक्क घडीच शिवली गेलीय. आई म्हणते हात बसला की जाईल. हात बसेपर्यंत काय करायचं ते कुणी सांगेल का?

शिवाय दोरा सारखा गुंततो. शर्टांपैकी काही कॉटन आहेत काही मिक्स, ते एकत्र चालतील का? आणि बायकोची शिलाई मशीन घरात धूळ खात पडलीय, त्यावर हे होतं का की हातानेच करावं? मला पूर्ण सिंगल साइजची करायचीय, थंडी संपायच्या आत झाली तर बरं, नाही झाली तरी हरकत नाही कारण खरं सांगायचं तर मला ते काम करत बसायलाच मजा येतेय, रात्री जेवण झालं की फोन बाजूला पडतो आणि अकरा कधी वाजतात कळत नाही. ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला तर दोघांनी "वहिनींचं काम छान आहे" असं लिहिलं, असो.

बार्शीची_माई:

अरे वा, छान चाललंय की. आधी झोळाचं बघू.

तुम्ही हे मांडीवर घेऊन शिवताय ना? खुर्चीत किंवा पलंगावर बसून? तिथेच गडबड आहे. गोधडी आधी जमिनीवर अंथरायची. फरशी पुसून कोरडी करा, सगळ्यात खालचं कापड उलटी बाजू वर करून पसरा, चारी बाजूंनी नीट ताणा आणि कोपऱ्यांवर वजन ठेवा. आम्ही वरवंटा, पितळी डबे, हाताला लागेल ते ठेवायचो, तुमच्याकडे डंबेल्स पडलेले असतील तर ते ठेवा, नाहीतरी त्यांना दुसरं काम नसेल. गुळगुळीत फरशीवर चिकटपट्टीने कडा चिकटवल्या तरी चालतं. मग एकेक थर टाकायचा आणि प्रत्येक थरावर तळहात फिरवत मधून कडेकडे सुरकुती काढत न्यायची. शेवटी तुमचा शर्टांचा थर.

आता शिवायला लागू नका. आधी कच्चे टाके. वीतभर अंतरावर लांब लांब टाके उभे आणि आडवे घालायचे, सुरुवात मधून करायची आणि कडेला न्यायचे. दोरा भडक रंगाचा घ्या म्हणजे नंतर उसवताना दिसतो. हे काम कंटाळवाणं आहे, गुडघे दुखतात, पण इथे तास-दोन तास घातले की पुढचं सगळं सरळ जातं. एकदा कच्चे टाके पडले की मग खुशाल मांडीवर घ्या.

पक्का धावदोरा कुठून सुरू करायचा यावर घराघरात भांडणं आहेत. आमच्याकडे कडेने सुरू करून चौकोनात चौकोन करत मध्ये यायचं, तुमच्या आईही तसंच सांगत असतील. ते दिसतं फार छान पण त्यात कापडाचा ढिलेपणा पुढे पुढे सरकत मध्ये येऊन अडकतो, त्याला बाहेर जायला वाटच नसते. सरावाचा हात शिवता शिवता तो मुरवत जातो. नवीन माणसाने मधून बाहेर जावं, ढिलाई कडेला निघून जाते आणि तिथे कापून टाकता येते. आईंना सांगा बार्शीच्या बाईने सांगितलंय, रागावल्या तर माझ्यावर रागावू देत.

दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की गुंततोच, सारखं ओवायचा कंटाळा म्हणून सगळे लांब घेतात. मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या. आणि टाका घट्ट ओढू नका, कापडावर टेकला की पुरे, ओढलात तर चुण्या पडणारच. ओळींमध्ये बोटभर अंतर ठेवा. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, चार थरांतून सुई ढकलताना बोटाची चाळण होते.

अजून एक, मध्ये घालायला साडी कापू नका. सहावारी म्हणजे अठरा फूट, तिची तीन पदरी घडी घातली की सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असे तीन थर न कापता न जोडता मिळतात. लहान मुलाची गोधडी तेवढ्यातच होते. तुमच्या सिंगलला रुंदी कमी पडेल, तर दोन साड्यांच्या अशा घड्या शेजारी शेजारी ठेवून कडा थोड्या एकावर एक घ्या आणि बाजूने उरेल ते कापा.

टेलरपुत्र:

माईंनी हाताचं सगळं सांगितलं, मी कापड आणि मशीनबद्दल लिहितो. वडिलांचं टेलरिंगचं दुकान होतं, मी काजं-बटणं करत मोठा झालोय.

आधी शर्ट वेगळे करा. कडेचा एखादा दोरा काढून सांडशीत धरून काडी लावा (बाथरूममध्ये, बादलीत पाणी ठेवून). कागद जळल्यासारखा वास आला आणि चिमटीत राख भुगा झाली तर सुती. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. मिक्समध्ये दोन्ही दिसतं. मिक्स वापरू नका असं मी म्हणणार नाही पण सुती शेजारी मिक्स लावलंत तर धुतल्यावर सुती आखडतं, मिक्स आखडत नाही, आणि जोडावर फुगवटे येतात. म्हणून सगळं कापायच्या आधी एकदा गरम पाण्यातून काढा, कडक इस्त्री करा, मगच कात्री लावा. गडद शर्ट असतील तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा रंग निघतो का, नाहीतर पहिल्या धुण्यात आईच्या साडीचे थरही निळे.

कॉलर, कफ आणि बटणपट्टी सोडून द्या, आत बकरम म्हणजे कडक अस्तर असतं, त्यातून सुई नेताना रडाल. सगळ्यात मोठा तुकडा पाठीचा. चौकोन कापताना उभा धागा धरून कापा. तिरकं म्हणजे उरेब कापलं की तो चौकोन हातात ताणला जातो, चारचे साडेचार इंच होतात, आणि मग झोळ वरच्या बाजूनेही येतो. बाहीतून कापताना हे हमखास होतं कारण तिची बाजू तिरकी असते.

मशीनवर चौकोन जोडणे बिनधास्त करा, हाताने जोडण्यात आयुष्य जाईल. पण सगळे थर एकत्र मशीनवर टाकलेत तर साध्या मशीनला ते झेपत नाही. खालचे दाते खालचं कापड पुढे ओढतात आणि वरचा पाय वरचं कापड दाबून धरतो, म्हणजे चार थर चार वेगांनी सरकतात आणि शेवटाला वरचा थर बोटभर पुढे आलेला असतो. त्यासाठी वेगळा पाय मिळतो, त्यालाही दाते असतात, तो वरचं कापडही बरोबरीने सरकवतो. वॉकिंग फूट म्हणून मागा, पण आधी मशीनचं मॉडेल बघा, सगळ्यांना बसत नाही. माझं मत विचाराल तर जोडणी मशीनवर, गोधडीचे टाके हाताने.

आणि ते वहिनींचं काम वगैरे मनावर घेऊ नका. बाजारात बसलेला प्रत्येक शिंपी पुरुष आहे, नामदेव महाराज शिंपी होते, लहानपणी आमच्याकडे पिंजारी यायचा तो अंगणात कापूस पिंजून, गादी भरून, हातभर लांब सुईने टाके घालून द्यायचा, त्याला कुणी म्हणालं नाही हे बायकांचं काम आहे म्हणून.

वाकडी_सुई:

विषय छान आहे आणि पाहुण्यांनी करावंच, पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. टेलरपुत्र, तुम्ही म्हणता ते बरोबर, पण शिंपी आणि पिंजारी पैसे घेऊन करतात म्हणून तो धंदा. घरात पांघरुणासाठी जे शिवलं जातं ते बाईने करायचं आणि त्याला काम सुद्धा म्हणायचं नाही. माझ्या सासूबाई भर उन्हाळ्यात दुपारी ओसरीवर सुई घेऊन बसायच्या, शेतात काम नसायचं म्हणून तेवढाच वेळ मिळायचा, आणि घरातले पुरुष झोपून उठले की चहाला उठायच्या. त्यांना कुणी फोटो काढून ग्रुपवर टाकला नाही. आता पुरुषाने चार चौकोन जोडले की अरे वा आणि एक नंबर. राग पाहुण्यांवर नाहीये हो. पण आईच्या सूचनांची जी गंमत केलीत ना, त्या सूचना जरा लिहून घ्या.

फक्त_वाचक:

फोटो????? एवढं सगळं वाचलं आणि फोटो नाही.

साताऱ्याचा_पाहुणा:

माई, टेलरपुत्र, फार फार आभार, मी खरंच पलंगावर बसून शिवत होतो. काडी लावायचा प्रयोग केला, अकरापैकी चार शर्ट मणी निघाले, त्यातला एक मी "प्युअर कॉटन" म्हणून चांगले पैसे मोजून घेतलेला.

वाकडी_सुई, तुमचं वाचून दाखवलं आईला. ती बराच वेळ काही बोलली नाही मग म्हणाली, "शिवताना कुणी बघितलं नाही, पांघरल्या मात्र सगळ्यांनी." आणि मग तासभर थांबलीच नाही. तिच्या माहेरी चुलत्या-मावश्या मिळून चौघी चार बाजूंना बसायच्या आणि एकीचा टाका मोठा पडला की दुसरी बोलून दाखवायची. एका वाकळेत आजोबांचं धोतर, आजीचं लुगडं आणि कुणाचा तरी फाटलेला फेटा. कुठलं कापड कुठे गेलं हे तिला अजून पाठ आहे, मला परवाचा पासवर्ड आठवत नाही. लिहून घेतोय, रेकॉर्डही करतोय.

फोटो रविवारी टाकतो.

मिशिगनकर:

उशिरा लिहितोय पण राहवलं नाही, कारण मी पण त्यातलाच. इकडे अमेरिकेत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात गावातल्या लायब्ररीत क्विल्टिंगचा वर्ग होता तिथे गेलो, सगळ्या सत्तरीच्या आज्या आणि मी एकटा. त्यांनी पहिल्या दिवशी मला कॉफीची मशीन दुरुस्त करायला आलेला माणूस समजलं.

इथली पद्धत गोधडीपेक्षा वेगळी. तीनच थर, वर जोडकाम, मध्ये बॅटिंग म्हणजे कापसाची तयार चादर मिळते ती, खाली अस्तर. आणि मापाचं वेड फार. शिलाई पाव इंचाची म्हणजे पाव इंचाचीच. सुरुवातीला मला ते अति वाटायचं पण गणित करून बघा. साडेसहा इंचाचा चौकोन कापला की दोन्ही बाजूंचं पाव-पाव जाऊन सहाचा उरतो. पाच बाय सहा फूट हवी तर रुंदीला दहा आणि लांबीला बारा, म्हणजे १२० चौकोन. शिलाईचं मार्जिन धरलंच नाही आणि सहाचेच कापले तर रुंदीत पाच इंच आणि लांबीत सहा इंच गायब. एका शर्टातून पाठ, पुढचे दोन भाग आणि बाह्या धरून बारा-तेरा चौकोन सहज निघतात (माझ्या शर्टातून जास्त निघतात, पोटामुळे), म्हणजे नऊ-दहा शर्ट लागतील. मणीवाले चार वगळून तुमच्याकडे सातच उरतात, तर मध्ये मध्ये साडीचे चौकोन घाला, उलट छान दिसेल.

कात्रीने १२० चौकोन एकसारखे कापणं महाकठीण. रोटरी कटर घ्या, पिझ्झा कापायच्या चाकासारखं दिसतं, ओल्फा या जपानी कंपनीने १९७९ मध्ये काढलं आणि इथल्या आज्यांच्या मते त्याच्या आधीचा काळ म्हणजे अश्मयुग. बरोबर जाड प्लास्टिकची पट्टी आणि खाली ठेवायची मॅट लागते, मॅटशिवाय वापरलं तर डायनिंग टेबलवर रेघा पडतील आणि मग वहिनी खरंच कामाला लागतील, तुमच्या. पातं भयंकर धारदार असतं, ठेवताना दरवेळी बंद करायची सवय आत्ताच लावा.

पुरुषांच्या विषयावर एक भर. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे १८५६ चं एक चित्र आहे, टॉमस वुड नावाच्या चित्रकाराचं. क्रिमियाच्या लढाईत डोक्याला जखम झालेला टॉमस वॉकर नावाचा सैनिक दवाखान्यातल्या खाटेवर बसून गोधडी शिवतोय, लाल-काळे तुकडे, गणवेशाच्या कापडासारखे. त्या काळात ब्रिटिश सैनिकांच्या अशा बऱ्याच गोधड्या आहेत, जाड लोकरी कापडाचे शेकडो हजारो बारीक तुकडे जोडलेल्या, त्यातल्या काही तर आपल्याकडे हिंदुस्थानात तैनात पलटणींमधल्या. सैनिकांनी दारू आणि जुगारापेक्षा हे करावं म्हणून वरचे लोकही उत्तेजन द्यायचे. आणि अलीकडचं म्हणजे २०१० साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने गोधड्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा वाँड्सवर्थ तुरुंगातल्या कैद्यांकडून मुद्दाम एक गोधडी शिवून घेतली होती, सगळे पुरुष. तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर हे टाका. वाकडी_सुई म्हणतात ते मात्र इथेही तंतोतंत लागू आहे, वर्गातल्या आज्या चाळीस-चाळीस वर्षं करतायत आणि गावच्या पेपरात फोटो माझा आला.

खानापूरची_पोर:

झोळाला घाबरणाऱ्यांसाठी अजून एक वाट आहे. आमच्या खानापूरच्या खाली उत्तर कन्नडमध्ये, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात. मी एकदा हल्याळकडे एका घरी बसून बघितलंय. त्यात चौकोन आधी जोडायचे वगैरे भानगडच नाही. खाली एक साडी अंथरायची, आणि कोपऱ्यापासून सुरू करून एकेक तुकडा ठेवायचा, कडा बोटाने आत दुमडायची आणि तिथल्या तिथे धावदोऱ्याने सगळ्या थरांसकट शिवत पुढे जायचं. म्हणजे जोडणं आणि टाके घालणं एकाच वेळी. कडेने फिरत फिरत मध्ये येतात. पट्टी नको, मार्जिन नको, तुकडा लहान मोठा असला तरी चालतो, त्या बाई तर गप्पा मारताना तुकड्याकडे बघतही नव्हत्या. शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्याला फुलं म्हणतात, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत.

माईंनी सांगितलेला ढिलाईचा प्रश्न यातही आहे, पण वरचा थर तुकड्या-तुकड्याने पडत असल्यामुळे तो वरून कधी फुगत नाही, फक्त खालच्या साडीवर हात फिरवत राहायचं. मणीवाल्या शर्टांवर ही पद्धत वापरून बघा, दाराशी टाकायला पायपुसणं करा, वाया गेलं तरी रडू येणार नाही.

साताऱ्याचा_पाहुणा:

फोटो वर टाकलाय, फक्त_वाचक तुमच्यासाठी खास.

रविवारी हॉलमधलं सगळं फर्निचर सरकवून नवीन थर अंथरले, वजनाला डंबेल्सच, कच्चे टाके मी आणि लेकाने मिळून घातले, तो दहावीत आहे आणि अभ्यास टाळायला काहीही करतो. मागची बाजू आता सपाट येतेय. सुरुवात मधून की कडेने यावर आई आणि माई यांच्यात तह असा झाला की मधून बाहेर जायचं पण चौकोनातच. मधला सगळ्यात लहान चौकोन आईने स्वतः घातला, दोरा मी ओवून देत होतो, तिचे टाके तांदळाएवढे आणि एका रेषेत, शेजारी माझे बघवत नाहीत. तसेच ठेवणार आहे.

दोन प्रश्न उरलेत. कडेला गोट लावायला उरेब पट्टीच हवी का, कारण तेवढं कापड उरत नाहीये. आणि लेकाला एका चौकोनावर शर्टाचा खिसा तसाच ठेवायचाय, रिमोट ठेवायला म्हणे. ठेवता येतो का?

बार्शीची_माई:

फोटो बघितला, निळ्यांच्या मध्ये आईंच्या साडीचा तो हिरवा काय खुलून दिसतोय.

उरेब नको. गोल कड असेल तरच उरेब लागते, तुमच्या सरळ कडांना सरळ पट्टी चालते. खालची बेडशीट चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त ठेवली असेल तर तीच वर दुमडून आत घडी घालून शिवा, वेगळा गोट लागतच नाही. कोपऱ्यात आधी तिरकी घडी घाला म्हणजे गड्डा होत नाही.

खिसा खुशाल ठेवा. फक्त धावदोऱ्याची ओळ खिशापाशी आली की हात खिशात घाला आणि आतल्या कापडातून टाके न्या. वरून सरळ शिवत गेलात तर खिसा बंद, आणि लेक चार दिवस रिमोट शोधत बसेल.